कवळी आणि साठीशांतीचा उखाणा

"एक बी दांत नहीं बचता, अम्मा," हिमायतनगरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाल्या. मला पेरिओडाँटायटिस झाला होता, म्हणजे हिरड्यांचा आणि दात धरून ठेवणाऱ्या हाडाचा आजार. रक्त येत होतं तेव्हा मी नुसतं मीठ चोळत बसले. तुम्ही असला शहाणपणा करू नका.

इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरचे दात, मला जमणार नव्हते. हाड फार झिजलं होतं, त्यात शुगर. राहिली फुल डेंचर, आपली पूर्ण कवळी. दात काढून झाल्यावर हिरड्या भरून यायला तीन महिने थांबायचं होतं.

त्याच दिवसांत माझ्या थोरल्या जाऊबाई, कुकटपल्लीच्या अक्का, आमच्या नल्लकुंट्याच्या घरी आल्या. आमच्या यांच्या साठीशांतीचा विषय निघाला. दहा जणांसमोर त्या म्हणाल्या, "नलूला उखाण्याचा आग्रह करू नका गं. समोरच्याला छत्री लागेल."

सगळे हसले. हेही हसले. माझ्या अंगाची लाही झाली. उखाणा घेईन तर अक्कांच्या तोंडासमोर, हे मी तिथंच ठरवलं. यांचं नाव शशिकांत. बोळक्या तोंडानं म्हणून बघा एकदा.

मग मापं झाली, मेणातल्या दातांची ट्रायल झाली. कवळी बसवली तेव्हा तोंडात कुणी वाटी कोंबल्यासारखं वाटलं. खालची सारखी निसटायची. हिरडीला फोड आला की कवळी घासून घ्यायला पुन्हा वेटिंग रूम. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं. मी रोज तासभर पेपर वाचायची आणि प्रत्येक 'श'ला अक्कांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायची. त्याचा फार गुण आला.

कार्याला तीन आठवडे असताना अक्कांचा फोन आला. "सोवळ्यात होमाला बसायचंय. ती वस्तू उकळून घे हो."

मी उकळली! कवळी वाकडी झाली, टाळूला बसेना.

"बिर्याणी पकाए क्या अम्मा? गरम पानी नक्को बोली थी ना!" डॉक्टरीणबाईंनी मला झापलं आणि पुन्हा मापं घेतली. कवळी गार पाण्यानंच धुवा, रात्री काढून पाण्यात ठेवा. अक्कांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारलेलं नाही. माझ्यापुरतं, त्यांना ठाऊक होतं.

नवी कवळी कार्याच्या चार दिवस आधी मिळाली. कार्याच्या दिवशी यांना ओवाळून झाल्यावर मी अक्कांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"साठ दिव्यांनी सजली आरास,
शशिकांतरावांचं नाव घेते साठीशांतीला खास!"

एक शिंतोडा उडाला नाही.

पंगत बसताना अक्कांनी मला कोपऱ्यात घेतलं. पदर तोंडाला लावून पुटपुटल्या, "माझेही खालचे चार हलतायत गं. कुणाला बोलू नकोस. डॉक्टरचा नंबर दे."

मी तिथूनच यांना हाक मारली. "अहो, अक्कांचे दात हलतायत! डॉक्टरांचा नंबर द्या त्यांना!"

अख्ख्या पंगतीच्या माना वळल्या.

डॉक्टरीणबाईंची मी जन्मभर ऋणी आहे. आजारपणानं माणूस मऊ होतो म्हणतात. माझं फक्त जेवण मऊ झालं होतं, तेही तीनच महिने.