नावाभोवतीची कोरी जागा

आमच्याकडे लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस आधी मुहूर्त बघत नाही. आधी स्वतःचं नाव बघतो. ते सापडलं की मग नवरा-नवरी कोण, लग्न कुठे, ते वाचतो. नाव दोन ओळी खाली गेलं म्हणून भरल्या पंगतीतून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, साध्या कागदावर नमुना म्हणून छापून आणली, तेव्हा मीही तेच केलं. माझं नाव शोधलं.

मी चौथी शिकलेली. वाचायला वेळ लागतो, पण एकही अक्षर सोडत नाही. वर देवांची रांग होती. त्याखाली पुढाऱ्यांची, ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून. मग माझ्या मुलीचं नाव, आणि खाली ‘कै.’ लावून माझ्या मालकांचं. मग निमंत्रक म्हणून भाऊजी, जाड लाल अक्षरात. त्यानंतर ‘आपले नम्र’, ‘व्यवस्थापक’, ‘मुलीचे मामा’, आणि अगदी तळाला ‘किलबिल’ म्हणून भावकीतल्या सगळ्या पोरांची नावं. एका तान्ह्या बाळाचं बारसंही झालेलं नव्हतं, तर तिथे नुसतं ‘बाळ’ असं छापलं होतं. बाळाला जागा होती. मी कुठेच नव्हते.

मी उठून चहा टाकला. मुलीनंच विचारलं, “काका, आईचं नाव?”

“आगं, आईचं नाव कशाला? आई घरचीच हाय की. घरच्या माणसाला कुणी आवतान देतं का?” भाऊजी हसले. “आन् जागा कुठं हाय बाळा? बघ की. मुंगी शिरायची न्हाई.”

खरंच शिरली नसती. तोच नमुना त्यांनी मुलीच्या मोबाइलवर पाठवला होता. तिनं तो बोटांनी मोठा केला तरी मुहूर्ताची वेळ सापडेना.

मालक गेले तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. तेव्हापासून आम्ही दोघी रहाटणीत एका खोलीत राहतो. महाळुंग्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये मी चपात्या करते. सासर त्याच गावात, कंपनीच्या भिंतीला लागून. पण कंपनीची बस फाटकात सोडते आणि फाटकातून परत आणते, सासरच्या दारात मी क्वचित जाते. सणावाराला गेले तरी स्वयंपाकघरातच असते. भाऊजी वाईट नाहीत. लग्न म्हटल्यावर धावून आले, हॉल बघितला, मंडपवाल्याशी बोलले. म्हणूनच मला बोलायला जड जात होतं. पण त्या संध्याकाळी चपात्या लाटताना माझ्या एक लक्षात आलं, की ही पत्रिका मुलगी आयुष्यभर जपून ठेवणार. तिच्या पोरांना दाखवणार. आणि त्यात तिला वाढवलं कोणी, ते कुठेच नसणार.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरले ती थेट नमुना जिथून आला होता त्या पत्रिकांच्या दुकानात गेले. काचेच्या दारापाशी पोचून परत फिरले. पुन्हा आले. आत कॉम्प्युटरवर एक लातूरकडची मुलगी बसली होती.

“या की मावशी, असं दारात काय थांबलाव?”

मी म्हणाले, “मला आमची पत्रिका बघायची आहे. आणि माझं नाव घालायचं आहे.”

तिनं पत्रिका पडद्यावर उघडली. मी नाव सांगितलं. तिनं ते टाइप केलं आणि हातात पिशवी घेऊन जागा शोधणाऱ्या माणसासारखी ती पत्रिकेत वर-खाली फिरली. शेवटी ‘किलबिल’च्याही खाली, दुकानाच्या नावाच्या वर, बारीक अक्षरात ठेवलं. “इथं बसतंय.”

“दिसत नाही.”

“मोठं केलं तर बाकीचं बारीक होतंय मावशी. कागद तेवढाच हाय ना.” तिनं करून दाखवलं. ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसले. मग तिनं सगळी नावं डाव्या कडेला लावून पाहिली. डावीकडे सरळ भिंत झाली आणि उजवीकडे कुरतडलेली भाकरी. मग दोन्ही कडा सरळ केल्या. तेव्हा लांब ओळी दाटीत उभ्या राहिल्या, आणि आखूड ओळींतले शब्द एकमेकांपासून फाकले, भांडण झाल्यासारखे. मग पुन्हा सगळं मधोमध आणलं. एवढा वेळ मी कुठल्याच दुकानात उभी राहिले नव्हते.

असं बघता बघता मला दुसरंच दिसायला लागलं. जवळजवळ प्रत्येक नावाआधी ‘सौ. व श्री.’ होतं. सौ. व श्री. अमुक, सौ. व श्री. तमुक. पुढचं नाव प्रत्येक वेळी पुरुषाचं. माझ्या जावा, नणंदा, चुलत सासवा, सगळ्या त्या एका ‘सौ.’मध्ये बसलेल्या. मोठ्या बायकांमध्ये नावानं होत्या त्या दोनच, नवरी आणि नवऱ्याची आई. विहिणबाई तेवढ्या होत्या, कारण तळेगावच्या पाहुण्यांनी, म्हणजे नवऱ्याकडच्यांनी, आपली नावं स्वतः लिहून पाठवली होती. नवरा गेला की ‘सौ.’ही जातं. मग माझ्यासारखीला ठेवायचं तरी कुठे? भाऊजींनी मला मुद्दाम गाळलं नव्हतं. या पत्रिकेच्या मांडणीत माझी जागाच नव्हती. हे कळल्यावर माझा राग कमी झाला नाही. वाढला.

“काढा,” मी म्हणाले.

“काय काढू?”

“खालचं सगळं. किलबिल, व्यवस्थापक, नम्र, सगळं. वरचे पुढारी पण.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “मावशी, काका मला मारतील. ऑर्डर त्यांची हाय.”

“मग बोलवा त्यांना.”

तिनं फोन केला. भाऊजी काळेवाडीत कामाला आले होते, लगेच पोचले. तोवर तिनं मला वेगळी प्रत करून दाखवली होती. एकेक रकाना ती पुसत गेली. एकेका बटणासरशी एकेक घर जात होतं. पण पडदा पांढरा होत गेला आणि मुलीचं नाव, जे आतापर्यंत गर्दीत हरवलं होतं, ते वर आल्यासारखं दिसलं. मुहूर्त दिसला. हॉलचा पत्ता दिसला.

भाऊजी आत आले, पडद्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. “ह्ये काय? अर्धी पत्रिका उडाली का काय?”

“मावशींनी सांगितलं,” ती पुटपुटली.

“वहिनी, आवं आसं कुठं आसतंय का? भावकी हाय. चार लोकं हायेत. त्यांची नावं टाकावी लागत्यात.”

मी पडद्याकडे बघूनच बोलले. त्यांच्याकडे बघितलं असतं तर बोलणं झालं नसतं. “माझ्या मुलीचं लग्न आहे. बोलावणारी मी आहे.”

“बरं, राह्यलं. ताई, माझ्या नावाच्या खाली वहिनींचं टाक. ‘श्रीमती’ लावून. जरा बारीक कर. झालं? खुश?”

“खाली नको. मधोमध पाहिजे. मोठ्या अक्षरात. आणि एकटं.”

भाऊजींनी खुर्ची मागे सरकवली. मग हळू आवाजात म्हणाले, “लोक काय म्हनतील, दीर मेला का काय?”

हे ऐकून मला वाईट वाटलं. त्यांचं नाव मी पुसत होते, आणि नाव पुसलं की कसं वाटतं ते मला कालच कळलं होतं. तरी मी मागे हटले नाही. म्हणाले, “भाऊजी, तुम्ही लग्नात उभे राहणार. सगळे बघतील तुम्ही आहात ते. मी लग्नात स्वयंपाकघरात असेन असं तुम्ही धरलंय. मी निदान कागदावर तरी बाहेर उभी राहते.”

“भावकीतलं कुत्रं न्हाई यायचं.”

“कुत्र्याचं नाव तुमच्याही पत्रिकेत नव्हतं.”

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही माहीत नाही. कॉम्प्युटरवाली मुलगी फस्सकन हसली आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. भाऊजी उठले. “छापा काय छापायचं ते,” म्हणाले आणि निघून गेले.

ती मुलगी म्हणाली, “पुढं श्रीमती लावू का?”

“नको. नुसतं नाव.”

तिनं ‘आपले नम्र’चं ‘आपली नम्र’ केलं, खाली माझं नाव मधोमध ठेवलं आणि वर-खाली मोकळी जागा सोडली. “इथं एखादं फूल टाकू? लई रिकामं वाटायलंय.” मी नको म्हणाले. ती रिकामी जागा मला हवी होती. मग छापण्याआधी घेतात तशी तिनं नमुन्यावर माझी सही घेतली.

माझी मुलगी घरी चिडेल असं वाटलं होतं. ती बराच वेळ फोनवर पत्रिका बघत राहिली. म्हणाली, “आई, कोणीच आलं नाही तर?” मी म्हणाले, “आपण दोघी आहोत. तळेगावचे आहेत.” तिनं पत्रिका स्टेटसला ठेवली.

पत्रिका वाटायला भाऊजी येणार नव्हते. हळदी-कुंकवाचं बोट मी स्वतः लावलं आणि सुट्टीच्या दिवशी महाळुंग्याला निघाले. पहिलं घर चुलत सासऱ्यांचं, भावकीत सगळ्यात थोरलं. त्यांनी चष्मा लावला, पत्रिका वाचली, उलटली. मागं कोरं होतं. पुन्हा सुलट केली.

“छापायचं राह्यलंय का गं काय?”

“नाही मामंजी. तेवढंच आहे.”

“आमची नावं?”

“नाहीत. कुणाचीच नाहीत.”

“मंग आमी कोन म्हनून यायचं?”

मी ओसरीवरच बसले होते, आत गेले नव्हते. “मी बोलावलंय म्हणून या.”

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पत्रिका त्यांनी उशीखाली सरकवली. पुढच्या घरांतही तसंच झालं. एका ठिकाणी पाणीसुद्धा विचारलं नाही. एका घरी थोरल्या चुलत जाऊबाईंनी पत्रिका लेकीला मोठ्यानं वाचायला लावली आणि माझ्या नावापाशी आल्यावर पुन्हा वाचायला सांगितलं. म्हणाल्या, “माझ्या लेकीच्या टायमाला मला हे सुचलं न्हाई.”

लग्नाच्या सकाळी हॉलवर पोचले तर फाटकाशेजारी मोठा फ्लेक्स लागलेला. भाऊजींनी रातोरात लावला होता. मधोमध त्यांचा फोटो, भोवती भावकीतले चेहरे, पुढारी, किलबिल, ते ‘बाळ’सुद्धा. माझं नाव अर्थातच नव्हतं. हॉलचा माणूस धावत आला. “ताई, परवानगी न घेता लावलाय. काढू का?”

“राहू दे,” मी म्हणाले. “ज्यांना स्वतःचं नाव वाचायचंय ते तिथे वाचतील. पण आत यायचं तर दारातून यावं लागेल, आणि दारात मी आहे.”

हातात अक्षतांचं ताट घेऊन मी दारात उभी राहिले. विधवेनं तिथे उभं राहू नये, हे सांगायला दोन बायका आल्या. त्यांच्या हातावर मी अक्षता ठेवल्या आणि आत जा म्हणाले. भावकीतले काही आले, काही आले नाहीत. जे आले ते आधी फ्लेक्सपाशी थांबले, आपापलं नाव बघितलं आणि मग माझ्यापाशी आले. सगळ्यात शेवटी भाऊजी. मान खाली, नवा फेटा. माझ्यापुढं येऊन थांबले.

“या भाऊजी,” मी मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. “माझ्या मुलीच्या लग्नाला आलात. आत चला.”