आवाज येतो, शब्द येत नाय

“आवाज येतो, भाऊ. शब्द येत नाय,” मेहेरकाका म्हणाले. दहा दिवसांत मी तिसऱ्यांदा त्यांच्या सालवडच्या घरी होम थिएटरसमोर मांडी घालून बसलो होतो.

मी बोईसरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. काकांनी घेतलेला सेट ‘एन्ट्री लेव्हल’ होता. म्हणजे खोक्यावर छापलेले वॉट भरपूर आणि आतली वायर हात आखडून दिलेली. पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे दणका देणारा मोठा डबा. पाचांतला एक सेंटर स्पीकर. तो टीव्हीखाली ठेवायचा. सिनेमातली माणसं बोलतात ती मुख्यतः त्यातून.

पहिल्या व्हिजिटला चूक दारातूनच दिसली. पाचही स्पीकर शोकेसमध्ये, काचेच्या आत, एका रांगेत. प्रत्येकाखाली क्रोशाचा रुमाल.

“बाहेर धूल बसते,” काकू म्हणाल्या.

मी ते बाहेर काढले, जागच्या जागी लावले, एक सिनेमा लावला. मला शब्द न् शब्द कळत होता. काका कान देऊन ऐकत होते.

“दनका मस्त हाय. पन ती बाय काय बोलली?”

“ती म्हणाली, मी घर सोडून चालले.”

“मंग तसं सपष्ट बोलावं ना!”

दुसऱ्या व्हिजिटला सेंटर स्पीकर बदलला. तिसऱ्या व्हिजिटला अॅम्प्लिफायर. बाय घर सोडून जातच राहिली आणि काकांना पत्ता लागत नव्हता.

आमच्या कामात एक भानगड असते. काम झालं की ग्राहकाच्या मोबाइलवर चार आकडी कोड येतो. तो त्याने आम्हाला सांगितला की तक्रार बंद. अॅपमध्ये त्याचं नाव ‘हॅप्पी कोड’. कोड नाही मिळाला तर तक्रार लाल दिसते आणि आमचे मॅनेजर दुबेसर स्वतः लाल होतात. त्या सकाळी ते फोनवर म्हणाले होते, “पहले कोड ले लो. खुशी बाद में देखेंगे. आज नहीं मिला तो एरिया बदल दूँगा तेरा.”

मी काकांना विचारलं, “कोड आला का?”

“आलाय. पन मी हॅप्पी नाय. खोटं कसं सांगू?”

आख्ख्या जिल्ह्यात त्या कोडचा अर्थ मनावर घेतलेला हा एकच माणूस मला भेटला, आणि तोही माझ्याच वाट्याला.

शेवटचा उपाय म्हणून मी मोबाइलवरून टेस्ट टोन लावले. म्हणजे आधी जाड, घुमणारा आवाज, मग हळूहळू बारीक होत जाणारा. कुठला स्पीकर कुठे गळतो ते त्यातून कळतं.

जाड आवाजाला काका खूश झाले. “हा बराबर. आमचा कॉम्प्रेसर असाच बोलायचा.”

आवाज बारीक करत नेला. काका शांत बसून राहिले. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बोंबलाचे हात घेऊनच बाहेर आल्या. “बंद करा ती शिट्टी! दात शिवशिवले माझे.”

“कसली शिट्टी?” काका म्हणाले. “भाऊनी अजून चालू कुठं केलंय?”

मी टोन बंद केला. मोबाइल खिशात टाकून काकांकडे वळलो.

“काका, कंपनीत काम काय होतं तुमचं?”

“कॉम्प्रेसर ऑपरेटर. एकतीस वरसं.”

कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून भरणारं मशीन. त्या खोलीत शेजारच्या माणसालाही ओरडून हाक मारावी लागते.

“कानात काही घालायचात?”

“इअरप्लग व्हते ना! ऑडिटच्या दिवशी वाटायचे. संध्याकाली मोजून परत घेयाचे.”

अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कानातून आधी बारीक सूर जातात. घुमणारा आवाज शाबूत राहतो. पण स, श, त, च ही अक्षरं बारीक सुरांवरच चालतात. ती गेली की माणसं बोलताना दिसतात, काय बोलली ते कळत नाही.

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलंय, दोष ग्राहकात आहे असं कधीही म्हणायचं नाही. मी म्हणालो, “काका, सेट ठीक आहे.”

“म्हंजे खराब मी हाय?”

काकू हात पदराला पुसत बसल्या. “मी किती वरसं सांगते. हे म्हनतात, तू पुटपुटतेस.”

“पुटपुटतेसच तू.”

“आन् नात? ती फोनवर बोलते तवा तुमी नुसते हसता. मंग मला विचारता, काय बोलली.”

काका बंद टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला वाटायचं, ती पन पुटपुटते.”

मी त्यांना पालघरच्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. मग काकांनी आपणहून मोबाइल पुढे केला. “कोड घ्या. हॅप्पी नाय मी. पन समजलं.”

तक्रारीचं कारण भरायचं राहिलं. अॅपच्या यादीत स्पीकर, अॅम्प्लिफायर, केबल, रिमोट होते. कान नव्हता. दुबेसरांना फोन लावला. “‘बाहरी कारण’ डाल दो,” ते म्हणाले. एकतीस वर्षांचा कॉम्प्रेसर बाहेरचं कारण म्हणून नोंदला गेला. आमच्या सेंटरला त्या आठवड्यात शाबासकीचा ईमेल आला.

काकांनी जुन्या कंपनीकडे नुकसानभरपाईसाठी अर्ज केला. रेकॉर्डप्रमाणे तिथला आवाज मर्यादेतच होता, असं उत्तर आलं.

महिन्याभराने काकांची नवी तक्रार आली. गेलो. काकांच्या कानात मशीन होतं. टीव्ही स्वतःच्याच स्पीकरवर, हळू चालू होता, आणि काका सगळ्या संवादांवर शेरे मारत होते.

“हा डबा घेऊन जा, भाऊ. घरघरतो.”

घरघरत होता खरा. त्या मॉडेलचे सगळेच डबे घरघरतात. मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं, पण सेट बनवणारी कंपनी त्याला दोष मानत नाही. परत घ्यायची मुदतही टळून गेली होती. शेवटी काकांचा मुरबे गावचा भाचा सेट घेऊन गेला. त्याला नुसता दणका हवा होता, शब्द नकोच होते.

आता नव्या घरी सेट लावायला गेलो की मी खोकं लगेच उघडत नाही. ग्राहकाच्या पाठीमागे उभा राहतो आणि हळूच त्याला नावाने हाक मारतो. तो वळला, तरच कटर काढतो.