टेपखालचे दोन नॉब

आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत मिठाईचा एक रिकामा डबा आहे. संपलेल्या बॅटऱ्या आम्ही त्यात टाकतो. फेकून द्यायला हव्यात, पण कोणी फेकत नाही. गिटारवाल्यांच्या किश्श्यांचंही तसंच होतं. एक काढायला जावं तर तळातून तीन वर येतात, आणि कुठल्यात अजून करंट आहे ते जिभेला लावल्याशिवाय कळत नाही!

दादाला जाऊन पाच आठवडे झाले. ताप आला, नऊ दिवस राहिला. भेटायला येणारे सगळे विचारतात, "शेवटचं काय बोलला?"

"चार्जर आण" म्हणाला. मी आणायला खाली गेलो. एवढंच.

म्हणून लोकांना मी किस्सेच सांगतो. चार्जरपेक्षा बरे आहेत.

आधी माणसं सांगतो, चारच आहेत. दादा मोहालीत कॉम्प्युटर कंपनीत होता आणि रविवारी गिटार वाजवायचा. हरमन ड्रम वाजवतो, त्याच्याच घरी वरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस. दादाला तो "भाऊ" म्हणायचा, कारण पहिलं वर्षभर त्याला ते दादाचं नावच वाटत होतं. मृणाल गाते, गिटारही वाजवते. तिचे आईबाबा नागपूरचे डॉक्टर, ती इथलीच. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. चौथा मी, धाकटा भाऊ. नववीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा शाळेने बसू दिलं नाही, म्हणून दादाने परभणीहून इकडे आणलं. मोहालीजवळ मनीमाजऱ्यात मोबाइल रिपेअरिंग करतो. बँडच्या तुटक्या वायरी जोडतो. वाजवता काहीही येत नाही.

आणि पाचवं ते पेडल.

*

पेडल म्हणजे साबणाच्या डबीएवढी लोखंडी डबी. गिटार आणि अँपच्या, म्हणजे तिच्या स्पीकरच्या, मध्ये लावायची, पायाने दाबायची. सहा वर्षांपूर्वी ती आणायला आम्ही दोघं बसने पिंजौरला गेलो होतो. सेकंडहँड होती. विकणारा माणूस पन्नाशीचा. दारातच उभा राहून त्याने डबी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

दादाने विचारलं, "क्यों बेच रहे हो जी?"

तो म्हणाला, "मैं अकेला बजाना चाहता हूँ!"

परत येताना दादा बसमध्ये हसून हसून बेजार. म्हणाला, "कोरसचं पेडल आहे हे, एका गिटारीच्या दोन करणारं. विकणाऱ्यालाही विनोद कळतो!"

माणूस हसत नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

घरी येऊन दादाने माझ्याकडे पाठ केली, दोन्ही नॉब हवे तिथे फिरवले आणि वरून काळी टेप चिकटवली. बुटाचा धक्का लागून नॉब हलू नयेत म्हणून गिटारवाले असं करतात. सहा वर्षांत ती टेप निघाली नाही. मी पेडल पुसायला घेतलं की दादा दुसऱ्या खोलीतून ओरडायचा, "टेप काढू नकोस रे!"

*

तेव्हा आम्ही मनीमाजऱ्यात वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालकीण आंटीजी. एके दिवशी भर दुपारी वर आल्या. आधी मला बघितलं, मग दादाला, मग सरळ बाथरूमचं दार उघडून आत बघितलं.

"तीसरा कहाँ है?"

"कौन तीसरा, आंटीजी?"

"ये छोटा रसोई में बर्तन पटक रहा था, मैंने सुना। और ऊपर दो जने गिटार बजा रहे थे, वो भी सुना। कमरे में दो, आवाज़ में तीन!"

दादाने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पेडल दाखवलं. ही डबी माझंच वाजवणं घेते, म्हणाला, त्याची एक नक्कल करते, ती किंचित उशिरा आणि किंचित बेसूर करून माझ्याच आवाजात मिसळते. म्हणून दोन माणसं वाजवतात असं वाटतं.

"बेसुरा क्यों?"

"दो लोग बिल्कुल एक जैसा कभी बजा ही नहीं सकते ना, आंटीजी. एक जैसा हो तो एक ही सुनाई देगा."

आंटीजींनी मान हलवली. पटलं असावं. जाता जाता वाकून पलंगाखाली बघितलं. तिथे माझे महिन्याभराचे न धुतलेले कपडे.

"झूठे! इतने कपड़े तो तीन के ही हैं!"

*

हे पेडल प्रत्येकाला जमत नाही. हरमनचा एक मामेभाऊ आहे, त्यानेही तसलंच घेतलं होतं. पेडलवर नॉब दोनच. एकाचं नाव रेट, म्हणजे दुसरी गिटार किती भरभर डुलणार. दुसऱ्याचं डेप्थ, म्हणजे ती सुरापासून किती लांब जाऊन येणार. डेप्थ शून्यावर असेल तर दुसरी पहिलीला चिकटूनच बसते आणि एकच गिटार ऐकू येते. शहाणे लोक दोन्ही नॉब निम्म्याच्या आत ठेवतात.

मामेभावाने दोन्ही फुल केले आणि लग्नाच्या कार्यक्रमात जाऊन वाजवलं! हरमनची बुआजी, म्हणजे आत्या, पहिल्याच रांगेत बसली होती. दोन मिनिटांत तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"पुत्तर, स्टेज हिल रहा है!"

"नहीं बुआजी, साउंड है!"

"तो मैं क्यों हिल रही हूँ?"

आणि बुआजीने तिथेच खाल्लेले पनीर पकोडे परत केले.

हा किस्सा हरमन दादाच्या बाराव्या दिवशीही सांगत होता. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. मग उठून गच्चीवर गेलो.

*

आता माझा किस्सा. तो मला सांगायचा नव्हता.

दादा गेल्यावर चौथ्या दिवशी मी दुपारी खोलीत एकटा होतो. पेडल समोर होतं. मला राग आला. कोणाचा ते विचारू नका. मी नखाने टेप उचकटली आणि दोन्ही नॉब गरागरा फिरवले, आधी इकडे, मग तिकडे.

नंतर भान आलं. नॉब जिथे थांबायचे तिथे थांबले होते. कुठून निघाले ते कळायला काही मार्ग नव्हता. नॉबवर पांढरी रेघ असते, ती टेपच्या गोंदाने केव्हाच खाल्ली होती. दादाने टेपखाली काय लावलंय ते कोणीच कधी बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी आईचा परभणीहून फोन. इथल्या मराठी लोकांनी ठरवलं होतं की स्नेहसंमेलनात दादाने बसवलेली चाल वाजवायची. मृणाल वाजवणार होती.

आई म्हणाली, "तेव्हा फोन चालू ठेवशील? मला त्याचं वाजवणं ऐकायचंय."

"आई, वाजवणार मृणाल आहे."

"हो रे. पण डबी त्याचीच ना? तो आवाज त्या डबीतला आहे, त्यानेच सांगितलं होतं मला. मला तो आवाज ऐकव. एकदाच."

मी हो म्हणालो! दुसरं काय म्हणणार?

*

दुसऱ्या दिवशी हरमन आणि मृणालसमोर कबूल केलं. हरमनने पेडल उचलून उलटसुलट बघितलं. मृणाल रडली, मग चिडली, मग गिटार काढून बसली. गिटारवाले नॉबची जागा घड्याळासारखी सांगतात, काटा कुठे तसा नॉब कुठे.

हरमन म्हणाला, "डेप्थ दस पे थी. मैं भाऊ के पीछे छह साल बैठा हूँ."

मृणाल म्हणाली, "पीछे बैठके क्या सुनता है तू? बारह पे थी. पक्का!"

मी नॉब टोकापर्यंत नेऊन मार्करने नवी रेघ आखली आणि दहावर लावून बघितलं. नव्हता तो आवाज. बारावर लावला. तोही नव्हता. साडेदहा, अकरा, सव्वाअकरा. मी जमिनीवर पेडलजवळ बसून नॉब फिरवत होतो, मृणाल एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होती. प्रत्येक वेळी दोन गिटारी ऐकू यायच्या. पण दुसरी कोणीतरी परकी होती. दादाची दुसरी गिटार त्याच्या मागून हळूच यायची, घरातल्या माणसासारखी. ही दार वाजवून येत होती.

चार आठवडे असेच गेल्यावर हरमन म्हणाला, "रिकॉर्डिंग वाले के पास चलते हैं."

*

दादाने ती चाल वर्षापूर्वी एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केली होती. तिथला माणूस शांत, कानावर कायम हेडफोन. आम्हाला बघून म्हणाला, "मुझे पता था कोई आएगा."

त्याने सांगितलं ते असं. गिटार जाड ऐकू यावी म्हणून तोच भाग दोनदा वाजवून घेतात. दादाने एकदा वाजवलं आणि गिटार खाली ठेवली.

"दूसरा टेक?" याने विचारलं.

"हो गया," दादा म्हणाला.

दादा निघून गेल्यावर याने ऐकून बघितलं. खरंच दोन गिटारी होत्या. याला पेडल माहीत होतं, त्यामुळे विशेष वाटलं नाही. मग त्याने चाल सुरू होण्याआधीचे दोन सेकंद मोठे करून ऐकले. खोलीत एक माइकही लावला होता. सुरू करण्याआधी दादा श्वास घ्यायचा, त्याची सवयच होती.

त्याने हेडफोन काढून माझ्या कानावर लावले. दादाने श्वास घेतला. पाच आठवड्यांत मी त्याचा ऐकलेला पहिला आवाज तो.

त्याच्या मागोमाग, किंचित उशिरा, आणखी एक.

"गिटार तो पेडल ने डबल की," तो म्हणाला. "साँस किसने डबल की?"

हरमन म्हणाला, "चल छोटे, घर चलते हैं."

*

संमेलनाच्या दिवशी सकाळी मला सुचलं. महिनाभर कसं सुचलं नाही? रोज तेच काम करतो मी!

नॉबच्या खाली एक पातळ गोल चकती असते. तिच्यावर काळी कार्बनची पट्टी असते आणि त्या पट्टीवर धातूचं एक बारीक पातं सरकतं. पातं वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून राहिलं तर तिथे खूण पडते. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब उघडला की दिसते. घरातले लोक किती मोठ्याने ऐकायचे ते कळतं.

दुकानात गेलो. शटर अर्धंच उघडलं. पेडल खोललं, डेप्थचा नॉब काढला, त्याखालच्या पत्र्याच्या चार पाकळ्या चिमट्याने उघडल्या आणि चकती भिंगाखाली धरली.

पट्टीवर मी केलेला ताजा ओरखडा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दहावर खूण नव्हती. बारावर नव्हती. मधल्या सगळ्या भागावर सहा वर्षांची एकसारखी धूळ होती.

खूण टोकाला होती. शून्यावर. छोटासा, चकचकीत खळगा.

मी चकती पुसून पुन्हा बघितली. मग बाहेर जाऊन उन्हात धरून बघितली. शून्य.

सगळं परत बसवलं. नॉब शून्यावर नेला. दुकानातल्या छोट्या अँपला दादाची गिटार लावून एक तार छेडली. पेडलचा लाल दिवा लागला होता. आवाज आला एकच. सुका, एकटा. मी तीनदा छेडून बघितली.

आता आईला काय ऐकवायचं? दहावर ठेवलं असतं तर निदान दोन गिटारी वाजल्या असत्या, आणि आईला फरक कळलाही नसता. मी नॉब तिकडे फिरवायलाही घेतला. पण ते दादाचं नव्हतं. मी नॉब पुन्हा शून्यावर नेला आणि वर नवीन टेप लावली. कोणाला काही सांगितलं नाही.

*

कम्युनिटी सेंटरमध्ये पन्नास-साठ माणसं होती. लहान मुलं पळत होती, मागच्या टेबलावर कोणी साबुदाणावडे मांडत होतं. मी आईला फोन लावला आणि अँपसमोरच्या खुर्चीवर ठेवून दिला. मृणालने पायाने पेडल दाबलं. मी खाली बघत बसलो.

तिने चाल सुरू केली. दुसऱ्या ओळीला मागून हळूच दुसरी गिटार आली, आणि हरमनचा ठेका क्षणभर चुकला. त्याचा कधी चुकत नाही. मुलं पळायची थांबली. मी मान वर केली नाही, संपेपर्यंत नाही.

टाळ्या झाल्या. हरमन ड्रमवरून उडी मारून आला आणि त्याने मला खांद्यांना धरून उचललंच.

"मिल गया ना, छोटे! वही था! दस पे ही था ना?"

"बारह पे!" मृणाल डोळे पुसत म्हणाली. "बता इसको, बारह पे था!"

मी वाकून वायरी काढायला लागलो. गिटारची वायर काढली, अँपची काढली, लाल दिवा विझला. दोन्ही वायरी गुंडाळून हातात घेतल्या तेव्हा खुर्चीवरचा फोन दिसला. चालूच होता.

"आई? ऐकलंस ना?"

"श्श," आई म्हणाली. "ऐकू दे."

"आई, संपलं."

"संपलं कुठे?" आई हळू आवाजात म्हणाली. "वाजवतोय की अजून. किती वेळ झाला रे, थांबव त्याला. बोटं दुखतील."

मी हातातल्या वायरींकडे बघितलं. मग फोन अँपच्या आणखी जवळ नेऊन ठेवला.

"वाजवू दे, आई," मी म्हणालो.