दाराजवळची खुर्ची

आमच्या शिशुवर्गाच्या दाराची कडी मे महिन्यात रंगाऱ्यांनी तोडली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नव्या कडीचा अर्ज कार्यालयात पडून होता. तो मंजूर होईपर्यंत कडीचं काम माझ्याकडे आलं.

खरं तर मी शिकायला आले होते. बालशिक्षणाची एक वर्षाची पदविका होती. पहिलं सत्र अंधेरीच्या या मराठी शाळेत आणि दिवाळीनंतरचं सत्र घाटकोपरच्या एका बालवाडीत. सोबत एक जाड प्रात्यक्षिक वही. रोज काय पाहिलं, काय केलं ते त्यात लिहायचं, खाली वर्गाच्या बाईंची सही घ्यायची. सत्र संपताना शेवटच्या पानावर बाई शेरा देणार, आणि शेरा बरा नसेल तर तेच सत्र पुन्हा करायचं. पहिल्या दिवशी बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"उंच आहेस, अंगानेही बरी आहेस. दाराला पाठ लावून बस. एकही पोर बाहेर जाता कामा नये."

बाईंचं चूक नव्हतं. बाहेर पंधरा पावलांवर फाटक, आणि फाटकापुढे रिक्षांचा रस्ता. दार आत उघडणारं, त्यामुळे त्याला खुर्ची टेकवून कुणी बसलं की ते पोरांना ओढता येत नसे. खुर्ची मुलांचीच, लाल प्लॅस्टिकची. तिच्यावर बसलं की माझे गुडघे हनुवटीपर्यंत यायचे. नऊ ते साडेबारा मी तशी बसायचे. बाथरूमला जायचं तर आधी शाळेच्या मावशींना गाठायला हवं. त्या मालवणच्या, सतत कुणाचं तरी नाक नाहीतर कुठली तरी लादी पुसत असायच्या. हातातलं काम संपलं की येऊन म्हणायच्या, "ऊठ गो बाय, मी बसतंय. चटकन जाऊन ये." मी सकाळचा दुसरा चहा सोडला, मग पाणीही कमी केलं. संस्थेत आम्हाला शिकवत होते की मुलाला मोकळं वाटलं तरच ते शिकतं. मी ते वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतलं होतं.

मला विमानतळावर काम करायचं होतं. काउंटरवर उभं राहून लोकांच्या बॅगांना चिठ्ठ्या लावायच्या, एवढंच. मुलाखत झाली होती, बोलावणंही आलं होतं. बाबांनी विचारलं, "रात्रपाळी असते?" मी हो म्हटलं आणि विषय संपला. मग आत्याने बालशिक्षणाचं काढलं. अर्धा दिवस काम, सुट्ट्या भरपूर, लग्नानंतरही चालू ठेवता येईल. घरात सगळ्यांना ते इतकं पटलं की मला पटतंय का, हे विचारायचं राहून गेलं. मीही काही बोलले नाही, तो दोष माझा. शाळेवरून विमान गेलं की रडणारी मुलंसुद्धा थांबून "विमान, विमान" करायची. मीही वर बघायचे. वर पंखा होता.

शिशुवर्गात रडण्यावर एकच औषध असतं. "आई पाच मिनिटांत येतेय." बाई ते सांगायच्या, मावशी सांगायच्या, दुसऱ्या दिवसापासून मीही सांगायला लागले. पाच मिनिटं म्हणजे किती, हे साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. सगळा कारभार त्याच भरवशावर चालतो. मूल रडून थकतं, खेळायला लागतं, आणि आपलं औषध लागू पडलं असं आपल्याला वाटतं.

वर्गात वेसाव्याच्या एका कोळणीची मुलगी होती. चार वर्षांची, काटकुळी, कानात सोन्याच्या बारीक बाळ्या. ती रडली नाही. तिसऱ्या दिवशी सरळ माझ्या खुर्चीसमोर येऊन म्हणाली, "दार उघड."

"आई पाच मिनिटांत येतेय."

ती जाऊन बसली. थोड्या वेळाने परत आली. "झाली पाच मिनिटं?"

"अजून पाच."

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ती आली नाही. त्या दिवसापासून ती बोलेनाशीच झाली. हजेरीला नाही, गाण्याला नाही, डबा खाताना नाही. आठ दिवस तिने तोंडातून शब्द काढला नाही. बाई म्हणाल्या, अशी असतात काही मुलं. नवव्या दिवशी तिच्या आईने मला फाटकावर गाठलं. बाजारातून तशीच आलेली, कमरेला पदर खोचलेला, हातात रिकामी पाटी.

"तू खोटं सांगतेस ना तिला? घरी सांगते ती. माझी पोर रडनारी नाय गो. खरं सांग, ती थांबेल. खोटं सांगशील तर ती बोलायची नाय तुझ्याशी."

मला राग आला. कुणीही यावं आणि मला सांगावं, असे ते दिवस होते. पण दुसऱ्या दिवशी बाई कार्यालयात गेल्या असताना मी त्या मुलीला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "आई बाजारात आहे. मासळी विकून साडेबाराला येईल. त्याच्या आधी येणार नाही."

तिने विचारलं, "आणि तू?"

"मी पण साडेबारालाच जाणार."

"तुला पण सोडत नाय?"

"नाही."

तिने आपलं बस्कर ओढत आणलं आणि माझ्या खुर्चीला लागून बसली. मी तिला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मोठा काटा सरळ खाली, सहावर, आणि लहान काटा बाराच्या जरासा पुढे गेला की साडेबारा. तिला ते दोन दिवसांत आलं. मग सव्वा, साडे, पावणे, सगळं तिने माझ्याकडून एकेक करून काढून घेतलं. आम्ही दोघी दाराशी बसून त्या घड्याळाकडे बघत असायचो. तिच्यापेक्षा मीच जास्त.

तेव्हा मी कानाला खडा लावला, या एका मुलीशी खोटं बोलायचं नाही. घरी मी मान हलवत होते, संस्थेत हलवत होते, वर्गात हलवत होते. ही एकच गोष्ट मी स्वतः ठरवलेली होती, म्हणून मला तिचं मोल फार वाटायचं.

या खऱ्याचा त्रासही झाला. एखादं मूल रडायला लागलं, बाईंनी "पाच मिनिटं" म्हटलं, की ही खणखणीत आवाजात सांगायची, "पाच मिनिटं नाय. साडेबाराला. मोठा काटा खाली आला की." काही मुलं त्याने गप्प व्हायची, काही दुप्पट रडायची. बाईंनी मला विचारलं, "हे तू शिकवलंस?"

"घड्याळ शिकवलं."

"मग वहीत लिही," त्या म्हणाल्या आणि सही करून टाकली. बाई वाईट नव्हत्या. सव्वीस वर्षं त्या त्याच वर्गावर होत्या, आणि आधीही कधी कडी तुटली तेव्हा त्या स्वतः किती दिवस दाराशी बसल्या असतील, हे मी कधी विचारलं नाही.

गणपती झाले, नवरात्र झालं. कडीचा अर्ज तसाच. माझं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यातून गंमत अशी की ती मुलगी एखाद दिवस आली नाही तर वर्ग खायला उठायचा. जिथून पळायचं तिथेच जीव गुंतायला लागला होता, आणि याचा मला भयंकर संताप यायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा दिवस हा माझा शेवटचा दिवस. वर्गात कागदी कंदील टांगले होते. प्रत्येक मुलाने एकेक पणती रंगवून ठेवली होती. बाईंच्या टेबलावर माझी वही होती, शेवटच्या पानावर उघडलेली.

"मुलांना सांगू नकोस हं, तू जाणार म्हणून," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "सणाच्या तोंडावर रडत घरी जातील, मग आया मला धरतील फाटकावर. दिवाळीनंतर विसरतात गं. शेरा मी आज शाळा सुटल्यावर निवांत लिहिते."

ती धमकी नव्हती. पण पान कोरं होतं. ते सत्र पुन्हा करायचं म्हणजे त्या खुर्चीवर आणखी पाच महिने. आणि दुसरीकडे ती मुलगी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती विचारणार नाही, अशी मी मनातल्या मनात आशा करत बसले.

बारा वीसला तिने विचारलं. हातात पणती, बोटं निळी झालेली. "दिवाळीनंतर तू येशील ना?"

बाई कंदिलाची झिरमिळी चिकटवत होत्या. त्यांचे हात थांबले. मी म्हटलं, "हो."

तिने घड्याळाकडे पाहिलं. "नऊ वाजता?"

"नऊ वाजता," मी म्हटलं.

फाटकावर तिच्या आईने माझ्या हातात वर्तमानपत्राची एक पुडी ठेवली. सोडे होते, घरी सोलून वाळवलेली कोळंबी. "सन झाला की वांग्यात घाल. माझी पोर घरी सांगते, ताई खोटं बोलत नाय." मी पुडी घेतली. परत कशी करणार? वर्गात आले तर बाईंनी शेरा लिहून ठेवला होता. अक्षर मोत्यासारखं. 'मेहनती. मुलांचा विश्वास चटकन संपादन करते.'

भाऊबीज झाल्यावर आईने सोडे घालून वांगी केली. मी दोनदा वाढून घेतली. चव फार छान होती, आणि जेवून उठल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

घाटकोपरच्या बालवाडीला धडधाकट कडी होती. मला गाणी मिळाली, मातीकाम मिळालं, बसायला मोठ्यांची खुर्ची मिळाली. दुसऱ्या आठवड्यात संस्थेने माझी वही परत केली. शेऱ्याखाली शाळेचा शिक्का राहिला होता. तेवढ्यासाठी मला पुन्हा अंधेरीला जावं लागलं. वाटेत मी ठरवलं की आज त्या मुलीला सगळं सांगायचं. मी घाबरले होते, म्हणून खोटं बोलले, इतक्या सोप्या शब्दांत सांगायचं. ते चार वर्षांच्या मुलीला कळेल, अशी खात्री मला होती. ती काटे ओळखायला शिकली होती, मग हेही कळलं असतं.

शिक्का मारायला दोन मिनिटं लागली. कार्यालयातले काका म्हणाले, "तुमच्या वर्गाला कडी बसली बरं का. मंजूर झाली एकदाची." मी व्हरांड्यातून वर्गापाशी गेले. दार बंद होतं. शेजारच्या खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. वर, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, नवी कोरी कडी लावलेली. आता दाराशी कुणी बसायची गरज नव्हती. तरी लाल खुर्ची तिथेच होती, दाराला टेकवलेली, आणि तिच्यावर ती मुलगी बसली होती. दाराला पाठ लावून, माझ्यासारखीच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं नव्याने रडतात, तसा वर्ग रडत होता. मावशी एकीला कडेवर घेऊन फिरत होत्या, बाई फळ्याशी होत्या. फ्रॉकच्या बाहीला नाक पुसत एक लहानगी खुर्चीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दार उघड."

दार वाजवायला मी हात उचलला होता. तो तसाच राहिला, आणि त्या दिवशी मी दार न वाजवताच परत गेले, हे आता लिहून टाकते.

खुर्चीवरून तिने त्या लहानगीच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको," ती म्हणाली. "आई पाच मिनिटांत येतेय."

घड्याळ तिच्या समोरच्या भिंतीवर होतं. पावणेदहा झाले होते.