मामंजींची काच

शेजारी गिलावा चाललाय, आणि ओल्या सिमेंटचा वास आला की माझी नजर आपसूक आमच्या माजघराच्या भिंतीकडं जाते. सात-आठ वर्षं झाली असतील. मुलगा म्हणाला होता, "आई, ह्या जुन्या घराचा विमा झाला तर ऱ्हा उचगावात, न्हाईतर चल टिळकवाडीला माझ्या फ्लॅटवर." मग विम्याचे तपासणीवाले आले. त्यांनी भिंतीच्या भेगेवर सिमेंटनं काचेची पट्टी आडवी चिकटवली नि म्हणाले, "आक्का, महिन्यानं येतो. काच तडकली तर भिंत हलतीया समजायचं." पंधरा दिवसांनी, भर दुपारी, मी एकटीच तांदूळ निवडत बसलेली. वारा नव्हता, घरात कुणी नव्हतं, आणि भिंतीतनं कुणी बोट मोडावं तसा आवाज आला. बघते तर काच मधोमध तडकलेली. मग मी काय केलं सांगू? हे घर ज्यांनी बांधलं त्या मामंजींच्या फोटोची काच काढली आणि फ्रेमवाल्याकडनं तेवढी पट्टी कापून आणली. तो हसला, "का वो आक्का, म्हाताऱ्याला वारा घालताय व्हय?" तडकलेली काढून ती पट्टी मीच चिकटवली, सिमेंट जुनं दिसावं म्हणून त्याला राख चोळली. तपासणीवाले आले, काचेवर बोट फिरवून म्हणाले, "भिंत घट्ट हाय." विमा झाला, मी इथंच राहिले. दुपारी घर शांत झालं की तो आवाज अजून येतो, मामंजींची काच मात्र अखंड आहे. तरी सुट्टीला नातवंडं आली की त्यांची अंथरुणं मी त्या भिंतीपासनं लांब घालते, आणि का ते कुणाला सांगत नाही.