अळणी रविवार

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण गोष्ट सांगायची आणि दर वाक्याला 'आमचे हे, आमचे हे' करत बसायचं, एवढा दम मला नाही. तर माझ्या नवऱ्याचं नाव नामा. पेणच्या बाजारात नामाशेठ, कारण दारात दोन ट्रेलर उभे असतात. घरात मात्र रविवार उजाडला की मला धडकी भरते, कारण रविवारी आम्हाला फिरायला जावं लागतं.

जावं लागतं, हाच शब्द खरा. पाऊस असो, अंगात ताप असो, कुणाचं बारसं असो, सकाळी गाडी अंगणात उभी आणि हा हॉर्न वाजवतोय. नामाचं लहानपण खाडीकाठच्या मिठागरात गेलं. बापाबरोबर मिठाच्या टोपल्या वाहिल्या, मग ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, मग मालक. "बांधाच्या पल्याड काय हाय ते मला मिसरूड फुटल्यावर कळलं," असं तो पाहुण्यांना सांगतो. आमची अमिषा झाली तेव्हा त्यानं ठरवलं की पोरीला सगळं दाखवायचं. तेव्हापासून मांडव्यापासून मुरूडपर्यंत आम्ही एक खानावळ सोडलेली नाही. मांडव्याच्या जेट्टीवर हा तासभर उभा राहून मुंबईच्या बोटी बघतो, चढत मात्र नाही. म्हणतो, मुंबई जेवायला हिकडं येते, आपण तिकडं कशाला मरायला जायचं.

खानावळीत गेला की पहिल्यांदा स्वयंपाकघरात डोकावणार. मग मोरी बघणार. बसला की मीठ मागणार, आणि ते ताटाच्या डाव्या कोपऱ्यात पडल्याशिवाय घासाला हात लावणार नाही. एक खडा जिभेवर, मग बाकीचं. पोरं हसतात वाढणारी. पण एकदा का त्या घरचं मीठ पोटात गेलं की भात कच्चा निघो नाहीतर मासा शिळा, हा माणूस त्या घराविषयी वाकडा शब्द काढत नाही. त्याची आई सांगून गेलीय की ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी वैर धरायचं नाही. मिठागरात राबलेल्या माणसांना ही शपथच. माझी सगळी मदार नवऱ्याच्या त्या सवयीवर होती.

झालं असं होतं. अमिषा अलिबागला बीएड करते. तिथं तिची आणि चौलच्या विनेशची ओळख झाली. विनेश कोळ्याचा पोरगा, बाप लवकर गेला. आई नीराबाई आणि तो मिळून घरच्या घरीच खानावळ चालवतात. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या दारात. पोरगा सालस, फोटोत तरी दिसला तसा. अमिषानं मला सांगितलं तेव्हा मी आधी तिला चांगली झापली आणि मग रात्रभर जागी राहिले.

कारण नामाचं मत मला ठाऊक होतं. माझ्या चुलतबहिणीच्या पोरीनं हॉटेलवाला केला, तेव्हा भर लग्नाच्या मांडवात हा म्हणाला होता, "लोकांची उष्टी काढायला मी माझी पोरगी शिकवली न्हाय." त्यात माणगावचं स्थळ आलेलं. गॅरेजवाले, पैसेवाले, ओळखीतले. पुढच्या रविवारी ते पोरगी बघायला यायचे होते. बघायचं नुसतं नावाला, नामानं शब्द द्यायचाच काय तो बाकी होता. आणि नामानं शब्द दिला की ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही.

म्हणून मी बेत केला. माणगाववाले यायच्या आधीच्या रविवारी याला चौलला न्यायचं, नीराबाईच्या खानावळीत जेवायला घालायचं. कुणाचं घर आहे ते सांगायचंच नाही. एकदा मीठ पोटात गेलं की परतीच्या वाटेवर, कार्लेखिंडीत, पोट भरलेलं असताना हळूच तोंड उघडायचं. अमिषाला बजावलं, विनेशला ओळख दाखवायची नाही, मान वर करायची नाही. अगदी पक्कं केलं सगळं.

आणि वडखळला चहाला थांबलो तेव्हा माझ्या बेताचे तीनतेरा वाजले. मी वडापाव पुढे केला तर नामानं हात मागे घेतला.

"आज संकष्टी हाय. विसरलीस?"

संकष्टीला नामा चंद्र बघितल्याशिवाय मीठ तोंडात घालत नाही. चहा, केळं, शहाळं, एवढंच. साबुदाण्याची खिचडीसुद्धा नाही, तिच्यात मीठ असतं. महिन्यातून एक दिवस मिठालाही सुट्टी, असं सासूबाई म्हणायच्या. लग्न झाल्यापासून मी दर महिन्याला ही तिथी लक्षात ठेवली, आणि नेमकी याच महिन्यात पोरीच्या काळजीत कॅलेंडरकडं बघितलंच नाही.

"घरात कॅलेंडर काय माशा बसायला लावलंय का?" नामा हसत म्हणाला. "जाऊ दे. तुमी जेवा पोटभर, मी बघत बसंन."

मागच्या सीटवर अमिषाचा चेहरा पांढरा पडला होता. परत फिरावं तर पुढच्या रविवारी माणगाववाले. मी गणपतीला म्हटलं, बाबा, तुझाच उपास, आता तूच बघ.

चौलला आधी रामेश्वराचं दर्शन घेतलं. नामा तळ्याच्या पायऱ्यांवर निवांत बसला, माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. उपाशी नामा म्हणजे दुप्पट चिकित्सक. तोंड बंद असलं की त्याचे डोळे जास्त चालतात. मी दोनदा म्हटलं, चला, घरीच जाऊ या. तर म्हणतो, आलोय तर जेवून घ्या की, मी काय तुमचा घास मोजणार हाय?

नीराबाईची खानावळ म्हणजे नारळीच्या वाडीतलं कौलारू घर. ओटीवर आणि अंगणात टेबलं, मागे चुलीचं स्वयंपाकघर, त्याचं दार इतकं ठेंगणं की वाकूनच आत जावं लागतं. गर्दी ही एवढी. नामा रिवाजाप्रमाणे गेला आत बघायला आणि चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. झालं, म्हटलं, पहिलाच अपशकुन. पण बाहेर येऊन कपाळ चोळत एवढंच बोलला, "बरी हाय चूल." मग त्यानं मोरी बघितली आणि तिला काही नाव ठेवलं नाही.

विनेशनं आमची ताटं आणली. बिचाऱ्याचे हात असे थरथरत होते की सोलकढी वाटीतून ताटात आली. नामाचा उपास आहे कळल्यावर नीराबाई स्वतः त्याच्यासाठी शहाळं घेऊन आली. बुटकी, काळीसावळी बाई, डोळ्यांत भीती मावत नव्हती. तिला तर सगळं ठाऊक होतं.

"शेठ, माझा पन उपास हाय आज," ती म्हणाली. "शहाळं तेवढं घ्या."

"उपासाच्या दिवशी रांदता तुमी एवढं?"

"रविवार हाय ना. पोट हाय."

नामानं मान हलवली. मला वाटलं, चला, एवढं तरी बरं झालं. पहिला घास मी तोंडात घातला आणि तिथंच थांबले, कारण सुरमईचं कालवण चक्क अळणी होतं. मीठ पडलंच नव्हतं त्यात. मी नामाच्या भीतीनं तसंच गिळलं. पण शेजारच्या टेबलावर पुण्याची मंडळी होती, ती कशाला गिळतील?

"काकू, कालवणात मीठच नाहीये," तिथली बाई मोठ्यानं म्हणाली. मग दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी तेच म्हटलं. एकानं ताट सरकवलं, एकजण मोबाईल काढून ताटाचा फोटो घ्यायला लागला.

नीराबाई दारात येऊन उभी राहिली. "माझा उपास, चाखलं न्हाय मी," असं पुटपुटली आणि विनेशकडं बघायला लागली. चाखायचं काम त्याचं होतं. पण तो पोरगा सकाळपासून होणाऱ्या सासऱ्याच्या धाकानं अर्धमेला झालेला, त्यानं चाखलं असेल नाहीतर नसेल. दोन्ही हातांत ताटं घेऊन तो अंगणाच्या मधोमध उभा होता.

आणि माझ्या शेजारून अमिषा उठली.

मी तिचा ओढणीचा शेव धरला, तो हातातून निसटला. चपला बाहेर काढून ती सरळ आत गेली. जाताना चौकटीखाली वाकली, न बघता, घरच्यासारखी. नामाच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि त्याची पोरगी मात्र त्याच चौकटीखालून डोळे मिटून जावं तशी गेली. उघड्या दारातून मला दिसलं, तिनं तांदळाच्या पिंपामागे हात घातला आणि मिठाची बरणी काढली. पळीभर गरम कालवण वाटीत घेतलं, मुठीनं मीठ त्यात विरघळवलं, टोपात ओतलं, ढवळलं. तळहातावर थेंब घेऊन चाखलं.

"झालं आता, आई," ती म्हणाली.

मी "काय गं" म्हणून अर्धी उठलेसुद्धा. मग कळलं, तिनं मला नाही हाक मारली. मी तशीच परत बसले. इतका राग आला आणि इतकं रडू आलं की काय सांगू. मला वाटत होतं पोरीनं मला सगळं सांगितलंय. ही कार्टी कॉलेजच्या नावानं इथं किती दिवस चुलीपाशी बसली असेल, ते मला तेव्हा कळलं.

नामाकडं बघायची माझी छाती होईना. त्याच्या हातातलं शहाळं तसंच होतं. तो उठला आणि आत गेला, या वेळी वाकून. मीही मागोमाग धावले. अमिषा भिंतीला टेकून उभी, नीराबाई पदर तोंडाशी धरून. विनेश दारात येऊन थांबला, ताटं अजून हातातच.

नामानं बरणीत बोटं घातली. जाडं मीठ होतं. त्यानं ते चिमटीत घासून बघितलं, उजेडात धरलं.

"पिशवीतलं न्हाय हे."

"कालवणाला मला मिठागरातलं जाडंच लागतं," नीराबाई कशीबशी म्हणाली.

"चव बघता येत न्हाय आज मला." नामानं बरणीचं झाकण लावलं. "एक पुडी बांधून द्या."

तिनं वर्तमानपत्राच्या कागदात मीठ बांधलं. मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं. म्हणून तिनं पुडी ओट्यावर ठेवली आणि नामानं ती उचलली. मग तो तडक गाडीत जाऊन बसला. त्यानं पुडी समोर काचेपाशी ठेवली होती.

चौलपासून अलिबाग, अलिबागपासून कार्लेखिंड, माणूस गप्प. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं, ओरडण्याला उत्तर असतं. मी त्या पुडीकडं बघत होते. कशाला घेतली असेल? मीठमोहरी ओवाळून टाकतात तशी पोरीवरून उतरवून टाकणार? का नीराबाईच्या तोंडावर नको म्हणायचं नाही, म्हणून आणली आणि वाटेत फेकणार? मागे अमिषा तोंड दाबून रडत होती. मी तिला गप्पही करू शकत नव्हते.

धरमतरच्या पुलावर त्यानं गाडी बाजूला घेतली. पुडी उचलली, उतरला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला. खाली खाडी भरत होती. वाटलं, आता हात उघडेल आणि संपलं सगळं. मग पोरगी एक तर माणगावला जाईल, नाहीतर घर सोडून. दोन्हीकडून मीच मरणार. मी काच खाली केली.

बराच वेळ तो त्या पाण्याकडं बघत राहिला. मग परत आला, पुडी होती तिथं ठेवली आणि गाडी सुरू केली. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, पाय आखडले होते.

घरी आल्यावर मी वरण-भात, अळूची भाजी, मोदक, सगळं केलं, पण कशात काय घातलं ते मला सांगता येणार नाही. चंद्र दिसला. नामानं आरती केली, पाटावर बसला. अमिषा दाराआड उभी. मी ताट पुढे ठेवलं आणि सवयीनं आमची मिठाची वाटी उचलली.

"ऱ्हाऊ दे ती," नामा म्हणाला. "माणगावला फोन लाव."

शब्द द्यायला निघाला हा, आजच्या आज. मी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. त्यानं फोन खांद्याला धरला आणि तिकडचं माणूस हॅलो म्हणतंय तोवर खिशातून पुडी काढून सोडली. चिमूटभर मीठ ताटाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं. एक खडा जिभेवर ठेवला आणि चघळत राहिला.

"पावनं, रविवारी येऊ नका," तो फोनवर म्हणाला. "पोरीची सोयरीक झाली."

पलीकडून त्यांनी काहीतरी विचारलं.

"चौलला," नामा म्हणाला. "आताच मीठ खाल्लं त्यांचं."