फोनवर कुणी गेल्याचं सांगत नाहीत

दिशाभूल हा शब्द पेपरात रोज असतो. कधी मंत्र्यानं केलेली, कधी जाहिरातीनं. आमच्या घरात हा शब्द कुणी कधी उच्चारला नाही, पण आमच्याइतकी दिशाभूल कुणी केली नसेल. आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी फोनवर देत नाहीत. ऐकणारा वाटेतच हाय खाईल, म्हणून "जरा बरं नाही, निघून ये" एवढंच म्हणतात.

माय गेली तेव्हा मला लातूरहून असंच बोलावलं. देगलूरपर्यंत मी एसटीत मोसंब्या मांडीवर घेऊन बसले. अंगणात तिरडी दिसली, तर रडायच्या आधी धाकट्या भावावर ओरडले. "मुडद्या, मला काय कुक्कुलं बाळ समजलास?"

"अक्का, पुन्हा न्हाई," तो म्हणाला.

त्यानं शब्द पाळला. गेल्या उन्हाळ्यात वडिलांचं कळवायला त्याचा फोन आला. "आबांना नांदेडला ॲडमिट केलंय. हालत लई खराब हाय, पण जित्ते हायत. खरं सांगून राहिलो."

म्हटलं, बोलू दे मला. तर म्हणतो, तोंडाला मास्क हाय. झालं! माझी खात्रीच पटली. माझे दीर म्हणाले, "जित्ते हायत असं मुद्दाम सांगतोय म्हणजे संपलं, वहिनी." त्यांनी क्रूझर ठरवली, वाटेत पांढरं कापडही घेतलं. लातुरातच दिलेल्या आत्यानं आणि आम्ही बायांनी लोह्यापर्यंत रडून रडून घसा बसवून घेतला.

दवाखान्याच्या जिन्यातच आत्यानं हंबरडा फोडला. भाऊ धावत आला. "गप करा तिला! आबा जागे हायत."

अगं बाई! इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. मी आत पळणार, तर त्यानं दंड धरला. "डॉक्टरांनी हात टेकलेत, अक्का. पण आबांना ठाऊक न्हाई. कफ झालाय, सोमवारी सुट्टी, असं सांगितलंय."

तोवर बाकीचे आत शिरलेसुद्धा. मी त्यांच्या मागून गेले.

आबांनी मास्क बाजूला केला. आमची सुजलेली तोंडं एकेक करून बघितली. मग दिरांच्या काखेतलं कापड बघितलं.

"सगळेच आलात," ते म्हणाले. "मंजे मी आता घरी येत न्हाई म्हणा की."

एवढ्या माणसांत कुणालाच खोटं बोलायला सुचलं नाही.